पिस्ता रंगाखालची भिंत

रत्नागिरी,
दि. २२ जुलै २०२५

चि. ऋजुता हिस सुनेत्राकाकूचे अनेक आशीर्वाद.

तू, अनिश आणि वेद खुशाल असाल. वेद आता अडीच वर्षांचा झाला असेल. म्हणजे हाताला येईल ते तोंडात घालायचं वय संपून हाताला येईल ते फेकायचं वय सुरू झालं असेल. माझी तब्येत उत्तम आहे. गुडघे कुरकुरतात, पण शाळेत तीस वर्षं मुलांची कुरकुर ऐकली, त्यापुढे गुडघ्यांचं काय!

पत्र बघून तुला नवल वाटेल. फोनच करणार होते, पण तुझा नंबर लागत नाही. तुमच्या जुन्या भाडेकरारावर तुझ्या वडिलांचा मंडणगडचा पत्ता सापडला, म्हटलं लिहूनच टाकावं.

इकडची बातमी म्हणजे आपल्या मागच्या परसातला बरका फणस जूनमध्ये पडला तो थेट शेजाऱ्यांच्या नव्या स्कूटरवर. सीटवर नीट बसल्यासारखा. शेजारी रागावले नाहीत, उलट गरे खाऊन गेले. स्कूटरला अजून वास येतो म्हणतात.

वरच्या मजल्यावर, तुम्ही राहायचात त्या जागेत, गेल्या वर्षीपासून आम्रपाली आणि तिच्या सासूबाई येसूबाई राहतात. आम्रपाली इथल्या एका सरकारी कचेरीत क्लार्क आहे. तिचे मिस्टर मुंबईला नोकरीला, महिन्यातून दोनदा येतात. जागा बघायला आली तेव्हा दारातच म्हणाली, "बाई, आधी आडनाव सांगते, म्हणजे दोघींचा वेळ वाचेल." तिने तीन ठिकाणी आडनाव सांगितलं, तर तिन्ही ठिकाणी जागा अचानक मालकांच्या भाच्याला हवी झाली होती. मी म्हटलं, मला आडनावाशी काय करायचंय, जिन्यातला दिवा आठवणीने बंद करशील का ते सांग. त्या दिवशी मी स्वतःवर इतकी खूश झाले, की संध्याकाळी स्वतःसाठी शिरा केला.

येसूबाई म्हणजे एक प्रकरण आहे. सत्तरीच्या पुढच्या, खेड्यात जन्म गेलेला. शहरातलं काही आवडलं नाही तर बोलत नाहीत, नुसतं नाक उडवतात. माझ्या चहाला नाक उडवलं. माझ्या कुंड्यांना उडवलं. आता मी चहात आलं जास्त घालते.

आता पावसाळा म्हटला की आपल्याकडे भिंतीला थोडंफार काळं धरायचंच. झोपायच्या खोलीची ती पश्चिमेकडची भिंत. तुला ठाऊकच आहे. यंदा जूनअखेर आम्रपाली फोनमध्ये फोटो काढून खाली आली. म्हणाली, "बाई, भिंतीवर जगाचा नकाशा उमटलाय. आफ्रिका झाली, आता आशिया चालू आहे."

मी म्हटलं, "कपडे घरात वाळत घालता, खिडक्या लावून घेता. मग दुसरं काय होणार?"

"आणि घरमालकाचं काहीच नाही?"

"घरमालकाने भिंत दिली. भिंतीवर काय उगवतं ते राहणाऱ्याच्या हातात."

हे वाक्य मी जरा तोऱ्यातच बोलले. थोडी बाचाबाची झाली. मग ती म्हणाली, "तुम्ही सायन्सच्या बाई ना? मग भांडायचं कशाला? प्रयोग करू."

प्रयोग तिने फोनवर कुठेतरी पाहिला होता. पुस्तकांना घालतात तसल्या पारदर्शक प्लॅस्टिकचा वीतभर चौकोन घ्यायचा, भिंतीला चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट बंद करायचा आणि दोन दिवस हात लावायचा नाही. पाण्याचे थेंब प्लॅस्टिकवर, खोलीच्या बाजूला जमले, तर ती घरातल्या वाफेची ओल, जबाबदारी भाडेकरूची. थेंब प्लॅस्टिकच्या मागे, भिंतीच्या बाजूला जमले, तर पाणी भिंतीतूनच येतंय, जबाबदारी घरमालकाची. ऐकल्यावर माझ्यातली बाई जागी झाली. दोन चौकोन लावले, एक झोपायच्या खोलीत, एक स्वयंपाकघरात. ओल्या भिंतीला चिकटपट्टी काही धरेना. शेवटी आम्रपालीने केस वाळवायचं यंत्र आणून भिंत वाळवली. येसूबाई पलंगावर बसून बघत होत्या. म्हणाल्या, "भिताडाचं केस वाळवतायत!"

रविवारी सकाळी निकाल लागला. झोपायच्या खोलीत थेंब मागे, स्वयंपाकघरात थेंब पुढे. म्हणजे एक तिच्याकडे, एक माझ्याकडे. सामना बरोबरीत सुटला. दोघींनी चहा घेतला आणि पाऊस कमी झाल्यावर बघू असं ठरलं.

तर असं चाललंय. मध्ये येसूबाई तीन दिवस घरी नव्हत्या, आता आल्या आहेत. तू कशी आहेस? कॉलेजच्या लायब्ररीतली तुझी नोकरी सुटली असं कुणीतरी म्हणालं, ते खरं का? मंडणगडला पाऊस कसा आहे?

आणखी एक लिहायचं होतं, पण पोस्टाची वेळ होत आली. वेदला पापा.

तुझी,
सुनेत्राकाकू


रत्नागिरी,
दि. १९ ऑगस्ट २०२५

चि. ऋजुता,

तुझं उत्तर आलं नाही. येईल अशी माझी अपेक्षा होती हेच मुळात चुकलं. मागचं पत्र मी पोस्टात टाकलं आणि घरी येऊन त्याची उजळणी केली, तर त्यात इतक्या लबाड्या सापडल्या, की वर्गात एखाद्या मुलीने असा पेपर लिहिला असता तर मी पालकांना बोलावलं असतं. माझे पालक आता कुणी उरले नाहीत, तेव्हा मीच दुरुस्त करते.

पहिली लबाडी फोनची. माझ्या फोनवरून तुझा नंबर लागत नाही, पण आम्रपालीच्या फोनवरून लगेच लागला. तू "हॅलो" म्हणालीस. मागे वेद कसलंतरी गाणं ओरडून म्हणत होता. मी फोन ठेवून दिला. सदुसष्ट वर्षांची बाई, आणि दाराची बेल वाजवून पळणाऱ्या पोरासारखी पळाले.

दुसरी लबाडी बरोबरीची. सामना बरोबरीत सुटला नव्हता. चहा पिताना मी जरा मिरवतच म्हटलं, "स्वयंपाकघरातली ओल मात्र तुमची हं." तेव्हा येसूबाई उठल्या आणि शेगडीच्या वर भिंतीत जो सिमेंटचा वेगळा चौकोन दिसतो त्यावर बोट ठेवून म्हणाल्या, "हितं झरोका व्हता ना? कुनी बुजवलान?"

मीच बुजवला होता. वाघळं आत येतात म्हणून, तुम्ही यायच्या आधीच्या वर्षी.

"मंग वाफ जायल कुठं?" येसूबाईंनी विचारलं आणि नाक उडवलं. तेव्हा दोन्ही गोल माझ्यावरच झाले होते.

तिसरी लबाडी सांगायला जड जाते. येसूबाई तीन दिवस घरी नव्हत्या असं मी लिहिलं. त्या दवाखान्यात होत्या. त्यांना दमा आहे. प्रयोगाचा निकाल लागूनही मी "पाऊस थांबू दे, मग बघू" करत पंधरा दिवस काढले, आणि त्या पंधरा दिवसांत त्या त्याच खोलीत झोपत होत्या. एका सकाळी त्यांना श्वास घेववेना. आम्रपालीने रिक्षा बोलावली, मीही बरोबर गेले. डॉक्टरांनी औषध-बिषध सगळं सांगून झाल्यावर विचारलं, "घरात ओल आहे का?" आम्रपालीने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती नुसती "हो" म्हणाली.

माझी झोपायची खोली त्यांच्या खोलीच्या बरोबर खाली आहे. येसूबाई घरी आल्या, दुपारी मी पडले होते, आणि वरून खोकला ऐकू आला. दोन वर्षांपूर्वी त्याच जागेवरून वेदचा ऐकू यायचा. बारीक, कोरडा. तो सात महिन्यांचा होता. त्या दुपारी उठून मी तुला पहिलं पत्र लिहायला घेतलं, आणि मग फणसाचं लिहीत बसले.

पत्र टाकल्यावर दोन दिवसांनी आम्रपाली खाली आली. बसली नाही. म्हणाली, "बाई, भिंतीचं काम कधी? नक्की तारीख सांगा." मी खरं तर तारीखच सांगणार होते. पण चूक आपली असली की जीभ उलटी चालते, चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात तशी. मी म्हटलं, "भिंतीचं करीन गं, पण घर राखावंही लागतं, आम्रपाली. सगळ्यांनाच ते जमतं असं नाही."

ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, "बाई, हे वाक्य मी पूर्वी ऐकलंय. आवाज वेगवेगळे होते, वाक्य हेच." आणि वर गेली.

मी जिन्याकडे बघत बसले. स्वतःच्या मोठ्या मनाचा शिरा खाणारी मीच ती. आणि ऋजुता, ते वाक्य मीसुद्धा पूर्वी ऐकलं होतं. माझ्याच तोंडून. तुझ्याबद्दल.

दुसऱ्या दिवशी सकाळीच धोंडू गवंड्याला बोलावून आणलं. धोंडू म्हणजे आमच्या ह्यांच्या वेळेपासून घराचं काम करणारा, आता त्याचेही केस पिकले. त्याने खोलीतल्या भिंतीची पोपडी खरवडायला घेतली. वरचा पांढरा रंग निघाला, खाली काळं. त्याच्या खाली पिस्ता रंग, त्याच्या खाली काळं. मग आकाशी, मग पुन्हा काळं. धोंडूने हातातली पट्टी खाली ठेवली आणि म्हणाला, "बाई, दर खेपेला रंग मारलात नि गप बसलात. भिंतीन पानी धरलंन, तिला रंग काय करनार?"

आम्रपाली शेजारी उभी होती. तिने विचारलं, "बाई, पिस्ता कुणाच्या वेळचा?"

"ऋजुताच्या," मी म्हटलं. आणि मग तिला सांगितलं ते तुलाही सांगते. पिस्ता रंग तू यायच्या आधी आठवडाभर मारला होता. तू जागा बघायला आलीस तेव्हा रंगाचा वास येत होता आणि तू म्हणालीस, "काकू, खास आमच्यासाठी रंग लावलात?" मी हो म्हटलं. त्या रंगाखाली काळं आहे हे मला माहीत होतं. तुझी दुपटी त्या घरात यायच्या आधीपासून माहीत होतं. तरी पहिल्या पावसाळ्यात तू भिंत दाखवलीस तेव्हा मी दुपट्यांना बोल लावला. तू खिडक्या उघड्या ठेवून बघितल्यास, दुपटी गच्चीच्या जिन्यात वाळत घातलीस, भिंत फडक्याने पुसलीस. वेद खोकतच राहिला. शेवटी तू म्हणालीस, "काकू, भिंतच बाहेरून ओली आहे," आणि मी म्हटलं, तीस वर्षं सायन्स मी शिकवलंय की तू?

कारण साधं आहे. ती भिंत झडीची. समुद्राकडून येणारा सगळा तिरपा पाऊस तिच्यावर. चिऱ्याची भिंत, पाणी पिणारच. आमचे हे होते तोवर दर मे महिन्यात माडाच्या झावळ्यांचे झाप विणून घ्यायचे आणि त्या भिंतीला बाहेरून बांधायचे. ते गेल्यावर मी सोडून दिलं. शिडीवर चढायला माणूस मिळत नाही, झाप दिसायला बरे दिसत नाहीत, अशी कारणं सांगत गेले. येसूबाईंनी बाहेरून भिंत पाहिली आणि म्हणाल्या, "उघडीनागडी ठेवलीव बिचारीला. मंग ती रडल नायतर काय करल?"

आता मुख्य.

तुम्ही जागा सोडून भाट्याला सावित्रीकडे घर बघितलं होतं. समुद्राजवळ, हवेशीर, वेदसाठी चांगलं. सावित्रीने तुम्हाला हो म्हटलं होतं आणि चार दिवसांत नाही म्हटलं. तुला कारण कळलं की नाही मला माहीत नाही. बहुतेक कळलं असावं, म्हणून माझा फोन लागत नाही. सावित्री माझी शाळेतली मैत्रीण. तिने मला फोन करून विचारलं होतं, "माणसं कशी आहेत?" मी म्हटलं, "माणसं चांगली आहेत, पण मुलगी घर राखत नाही. भिंती काळ्या करून ठेवल्यान."

एवढंच. अर्ध्या मिनिटाचं बोलणं. तुला गावात दुसरं घर मिळालं नाही, तू नोकरी सोडून वेदला घेऊन मंडणगडला माहेरी गेलीस, आणि अनिश इथे मित्राच्या खोलीवर राहून शनिवारची एस.टी. पकडत राहिला. हे मला तेव्हाच कळलं होतं. मी स्वतःला सांगितलं, बाळाला आजोळी बरं असतं.

गेल्या सोमवारी मी रिक्षा करून भाट्याला गेले. सावित्री अंगणात नारळ सोलत होती. मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं, बसले असते तर फणसाकडे वळले असते. ती सोलायची थांबली.

"म्हणजे ती पोरगी घर राखायची?"

"माझ्यापेक्षा चांगलं."

"आणि काळं तुझ्या भिंतीचं?"

"माझ्या भिंतीचं."

"सुनेत्रा," ती म्हणाली, "तुझ्या शब्दावर मी त्या लेकुरवाळीला दारातून परत पाठवलं. तिने नुसतं पोराच्या डोक्यावर टोपरं नीट केलंन आणि गेली." मग म्हणाली, "मला येऊन का सांगतेस? तिला सांग." आणि उठून चहा टाकायला गेली. मी थांबले नाही. तशीच चालत भाट्याच्या पुलापर्यंत आले, गुडघ्यांची पर्वा न करता.

म्हणून हे पत्र. मला तुझ्याकडून काही नको आहे. तू बरोबर होतीस हे लेखी तुझ्याजवळ असावं, म्हणून लिहिलं. कुणी पुन्हा तुझ्याबद्दल मला विचारलं, तर हेच सांगेन, आणि कुणी विचारलं नाही तरी सांगेन. सावित्रीच्या शेजारणीला सांगूनच आलेय.

चूक माझी होती.

सुनेत्रा


रत्नागिरी,
दि. १२ ऑक्टोबर २०२५

प्रिय ऋजुता,

तुझं पत्र आलं. पाकिटावरचं अक्षर ओळखलं आणि उघडायच्या आधी देवाजवळ ठेवलं. मग म्हटलं, देवाला कशाला मध्ये घालायचं, आणि उघडलं.

तू लिहिलंस, "अनिशची बदली इकडेच झाली आहे, आता आम्ही तिघे एकत्र आहोत. पण वेदने पहिलं पाऊल टाकलं तेव्हा अनिश रत्नागिरीत होता. मी त्याला फोनवर दाखवलं, रेंज नव्हती, चित्र अडकलं. ते काही तुम्ही परत आणू शकत नाही." खरं आहे. हे मी वाचलं, पुन्हा वाचलं. ते माझ्याजवळच राहू दे.

त्याच्या खाली तू लिहिलंस, "भिंतीचे केस वाळवण्याचं वाचून मात्र आई आणि मी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो." ते मी येसूबाईंना वाचून दाखवलं. त्यांनी नाक उडवलं नाही. त्यांच्याकडून याहून मोठी पावती मिळत नाही.

आणि त्याच्याही खाली, अगदी शेवटी, घाईघाईत लिहिल्यासारखं: "इथल्या भाड्याच्या घरातही कोपऱ्यात काळं आलंय. घरमालक म्हणतात आम्ही खिडक्या उघडत नाही. प्लॅस्टिक किती जाड घ्यायचं?"

अगं, हे वाचून मी खुर्चीतून उठलेच! तर नीट ऐक. जाडी महत्त्वाची नाही, पारदर्शक हवं. वीतभर पुरे. भिंत आधी कोरडी पूस, नाहीतर चिकटपट्टी सुटते आणि घरमालक म्हणतात प्रयोग चुकला. एक तुकडा काळ्या कोपऱ्यात लाव, एक त्याच भिंतीवर चांगल्या जागी. लावताना घरमालकांना समोर उभं कर आणि निकाल बघतानाही. दोन दिवस पुरतात, पण आता पाऊस सरलाय, म्हणून चार दिवस ठेव. थेंब पुढे आले तर खिडक्या उघड, कपडे बाहेर वाळत घाल, कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढ आणि मुकाट्याने मान्य कर. थेंब मागे आले तर त्यांनी छप्पर, पाइप आणि बाहेरची भिंत बघायची. ते ऐकत नसतील तर मला कळव. मी येते. एस.टी.चं अर्धं तिकीट आहे माझं. मंडणगडच्या घरमालकांना तीस वर्षांचा अनुभव असलेल्या बाई कशा असतात ते एकदा कळू दे. आणि खोटं बोलणारे घरमालक कसे बोलतात ते माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार? पुढचं वाक्य मी आधीच सांगेन.

इकडचं काम झालं. दसऱ्यानंतर धोंडूने भिंतीचा बाहेरचा गिलावा सगळा काढून नवा केला, पाणी अडवणारं औषध घालून. झरोका उघडला, जाळी बसवली, आता वाघळं बाहेरून बघत बसतात. आत रंग अजून मारलेला नाही. भिंत पूर्ण वाळेपर्यंत मारायचा नाही असं आम्रपालीने बजावलंय. येसूबाई झोपायच्या खोलीतून हॉलमध्ये हलल्या होत्या, त्यांना तिथली खिडकी इतकी आवडली की आता परत जायला तयार नाहीत. खोकला पुष्कळ कमी आहे. पुढच्या मेसाठी त्या मला झाप विणायला शिकवतायत. पहिला मी विणला तो त्यांनी हातात धरून उलटासुलटा केला आणि म्हणाल्या, "ह्यातून पावसालाच वाट सापडल." दुसरा थोडा बरा झालाय.

आम्रपालीची माफी मी मागितली, तिच्या दारात जाऊन. ती म्हणाली, "बाई, माफी ठीक आहे, पण लेखी हवं." आमचा भाडेकरार एजंटने दिलेला छापील कागद होता. त्यात काय आहे ते मी कधी वाचलं नव्हतं, तिने मात्र वाचलं होतं. आता आम्ही दोघींनी बसून साध्या मराठीत त्याला जोड लिहिली. भिंती, गच्ची, पाइप, झरोके आणि दर मेमधले झाप माझ्याकडे. रोज खिडक्या उघडणं, घरात ओले कपडे न वाळवणं आणि काळा ठिपका दिसला की त्याच आठवड्यात सांगणं तिच्याकडे. तिने सांगितल्यावर आठ दिवसांत मी माणूस आणायचा. शेवटचं कलम तिने स्वतःच्या अक्षरात घातलं. "डाग दिसला तर आधी भिंत तपासायची, मग माणूस." मी त्याखाली सही केली. साक्षीदार म्हणून येसूबाईंनी अंगठा नाही दिला, सही केली. साक्षरतेच्या वर्गात शिकल्या होत्या म्हणे, पंचवीस वर्षांपूर्वी. मला वाटलं होतं अंगठा देतील. बघ, अजून माझं हे असं आहे. सुटता सुटत नाही.

सावित्रीचा निरोप आहे. तुझा पत्ता तिने मागून घेतला, तुला स्वतः लिहिणार आहे. तिच्या बाजूने तिला काय वाटतं ते तीच लिहील, मी मध्ये बोलत नाही. एकदा बोलले ते पुरे झालं.

तू पत्राच्या सुरुवातीला "काकू" न लिहिता "सुनेत्राबाई" लिहिलंस. ते मला बरोबर वाटलं. वेदला माझं नाव सांगायची गरज नाही. मोठा झाल्यावर त्याने कधी विचारलं, मी चालायला लागलो तेव्हा बाबा कुठे होते, तर माझं नाव जरूर सांग.

पत्र संपवताना "लोभ असावा" लिहायची रीत आहे. मी तो मागत नाही. तू प्लॅस्टिकची जाडी विचारलीस, माझ्यासाठी आज तेवढं भरपूर आहे. निकाल काय लागला ते मात्र कळव.

चुकलेली आणि ते लेखी दिलेली,
सुनेत्रा